कुसळाचा अल्सर: फंगस म्हणायच्या आधी नोकार्डिया बघा

मळणीच्या दिवसात हा पेशंट हमखास येतो, "डॉक्टर, डोळ्यात कुसळ गेलंवतं, पंधरा दिवस झाले", बुबुळावर पांढरा डाग (म्हणजे अल्सर, जखम), आधीच कुणीतरी नॅटामायसिन, म्हणजे फंगसचं औषध, चालू केलेलं आणि फरक शून्य. तेव्हा नोकार्डिया आठवा. मातीत राहणारा बॅक्टेरिया आहे पण दिसतो आणि वागतो फंगससारखा, म्हणून तर फसतो आपण.

आधी डोळा फाटलाय का ते बघा. फाटला असेल तर ड्रॉप नाही, खरवडणं नाही, दाबणं तर नाहीच, वरून कडक शील्ड लावून लगेच मोठ्या हॉस्पिटलला, कारण मातीतला बॅसिलस सेरिअस नावाचा बॅक्टेरिया आत गेला तर २४ ते ४८ तासात डोळा जातो.

फाटलेला नसेल तर स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर) नीट बघा. टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके गोल माळेसारखे मांडलेत, तर संशय पक्का. पण दिसण्यावर औषध देऊ नका, प्रोपॅराकेनचा (डोळा बधिर करणारा) थेंब टाकून अल्सरची कड आणि तळ खरवडा. खरवडलेलं काचेवर पसरून (हाच स्मिअर) केओएच (फंगस दिसायला) आणि ग्रॅम (बॅक्टेरिया रंगवायला) दोन्ही करा, फंगसचे धागे जाड असतात, नोकार्डियाचे अगदी बारीक, फांद्या फुटलेले, मण्यांसारखे तुटक रंगलेले. मग अॅसिड फास्ट (रंगवून अॅसिडने धुवायची तपासणी), पण टीबीला वापरतो तसं २० टक्के अॅसिड नको, १ टक्का सल्फ्युरिक, नाहीतर रंग धुऊन जातो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो (हे लॅबवाल्याला स्वतः फोन करून सांगा, चिठ्ठीवर कोण वाचतंय). ब्लड अगरची (जंतू वाढवायची) प्लेट दोन दिवसात फेकू देऊ नका, दोन आठवडे ठेवायला सांगा, खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या पांढऱ्या कॉलनी उशिरा येतात.

औषध अमिकासिन (अँटिबायोटिक) २.५ टक्के थेंब. तयार मिळालं नाही तर २५० मिलिग्रॅमच्या २ मिली इंजेक्शनमध्ये ८ मिली आर्टिफिशियल टिअर्स, सगळं स्टराईल, बाटलीवर तारीख घालून फ्रीजमध्ये. सुरुवातीला दर तासाला एक थेंब, सुधारायला लागलं की हळूहळू कमी करा, कारण जास्त दिवस टाकलं तर अमिकासिनच बुबुळाचा वरचा थर खराब करतं. खोल गेलं असेल किंवा पांढऱ्या भागात पसरलं असेल तर कोट्रायमोक्साझोलच्या (सल्फावाल्या) गोळ्या जोडा, त्याआधी सल्फाची अॅलर्जी विचारा.

स्टेरॉइड नाही म्हणजे नाही. अरविंद नेत्र रुग्णालयाच्या स्कट ट्रायलमध्ये (बॅक्टेरियाच्या अल्सरला स्टेरॉइड द्यावं का, याची चाचणी) ५०० पेशंट होते, त्यात नोकार्डियावाल्यांना स्टेरॉइड दिल्यावर फूल, म्हणजे बुबुळावरचा कायमचा डाग, मोठं राहिलं. आणि पेशंट मेडिकलवरून स्वतःच आणतो, म्हणून घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगा, त्यात एखादी स्टेरॉइडची निघतेच. मध, तूप, जिभेने कचरा काढून घेणं, तेही विचारा, ओरडू नका, ओरडलं की पुढच्या वेळी लपवतात.

आठवडाभरात कड बोथट होत नसेल तर कॉर्नियावाल्याकडे (बुबुळाच्या तज्ज्ञाकडे) पाठवा, सोबत स्मिअरची स्लाईड द्या, नुसता कागद नको.