लेयरचं (अंड्यांच्या कोंबडीचं) खाद्य: एका अंड्यामागं किती ग्रॅम जातंय ते आधी काढा

मका-सोया महागलं की आपण पहिलं काय करतो, तर डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) कमी करून कोंडा वाढवतो. पोतं स्वस्त पडतं खरं, पण कोंबडी एनर्जीसाठी खाते, त्यामुळं खाद्यातली एनर्जी कमी झाली की ती जास्त खाते आणि वरून अंडी घटतात ती वेगळीच. म्हणून पोत्याचा भाव बाजूला ठेवा आणि हिशोब असा लावा: १००० पक्षी रोज ११० किलो खातात आणि ९०० अंडी देतात, म्हणजे अंड्यामागं १२२ ग्रॅम. तेवढंच खाऊन ८५० आली की झाले १२९. आठवड्याला हा आकडा वहीत लिहायचाच.

आता फॉर्म्युला. मका-सोयाच्या खाद्यात सगळ्यात आधी कमी पडतं ते मिथिओनिन (प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल), मग ते भरून काढायला नुसतं सोया वाढवत बसू नका, जादा प्रोटीन अंड्यात जात नाही, विष्ठेतून जातं आणि शेडमध्ये अमोनियाचा वास मारतो. तयार डीएल-मिथिओनिन टाकलेलं परवडतं. फायटेज (धान्यातला अडकलेला फॉस्फरस मोकळा करणारं एन्झाइम) वापरता? मग त्याच्या हिशोबानं डीसीपी (फॉस्फरससाठी टाकतो ते डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी केलंय का बघा, नाहीतर पैसे दोनदा गेले.

कॅल्शियमवर जरा थांबतो कारण इथंच बरेच जण फसतात. कवच मुख्यतः रात्री बनतं, आणि चुनखडीच्या दगडाची बारीक पावडर तोवर पोटातून निघून गेलेली असते. २ ते ४ मिमीचे शिंपले किंवा चुनखडीचे खडे (ग्रिट) पेषणीत (दाणे दळणाऱ्या जठरात) अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू कॅल्शियम सोडतात. म्हणून निम्मं तरी जाड द्या, वय वाढलेल्या पक्ष्यांना त्याहून जास्त, आणि संध्याकाळचं खाद्य चुकवू नका. कॅल्शियम कमी पडलं की कोंबडी ते शोधत खाद्य जास्त खाते, म्हणजे कवचाचं नुकसान आणि खाद्याचंही.

भरडा फार बारीक नको. कोंबड्या मक्याचे कण वेचून खातात आणि खाली भुकटी उरते, त्यातच प्रीमिक्स (व्हिटॅमिन-खनिजांचं मिश्रण) असतं! दुपारी तासभर गव्हाणी पूर्ण रिकामी होऊ द्या मगच नवीन टाका, आणि एक तृतीयांशच भरा. काठोकाठ भरली की चोचीनं उडवून खाली सांडतात, ते खाद्य कुठल्याच फॉर्म्युल्यात धरलेलं नसतं.

उन्हाळ्यात खाणं घटतं, तेव्हा १०० ग्रॅममध्येच ११० ग्रॅमचं प्रोटीन, कॅल्शियम, व्हिटॅमिन बसवावं लागतं. एनर्जीसाठी थोडं तेल चालतं, ते पचताना अंगात उष्णता कमी तयार होते. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर. पाणी गार हवं, पाणी कमी प्यायली की खाद्यही सोडतात.

आणि दिवाळीच्या आसपासचा ओला मका स्वस्त मिळाला म्हणून भरू नका, पाण्याचेच पैसे देताय, वर बुरशी. टॉक्सिन बाइंडरनं (बुरशीचं विष बांधून ठेवायला खाद्यात टाकतात ती पावडर) बुरशीचा मका चांगला होत नाही. फॉर्म्युला बदलायचा असेल तर पाच-सात दिवसांत हळूहळू मिसळत न्या, आणि मग दोन-तीन आठवडे तो वहीतला आकडा बघा, लगेच दुसऱ्या दिवशी फोन करून अंडी वाढली नाहीत म्हणू नका.