अमेरिकेत आलेल्या आईबाबांना कम्युनिटी कॉलेजात घालायचंय? मग हे वाचा

आईबाबा ग्रीन कार्डवर इकडे आले की पहिले दोन-तीन महिने मस्त जातात, मग आपण ऑफिसात, मुलं शाळेत आणि ते दोघं दिवसभर घरात, गाडी चालवत नाहीत, बाहेर कुणाशी ओळख नाही. यावर मला तरी सगळ्यात चांगला उपाय वाटतो तो जवळचं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे आपल्या भागातल्या लोकांसाठीचं सरकारी कॉलेज. बऱ्याच जणांना वाटतं ते फक्त बारावी झालेल्या पोरांसाठी असतं, तसं अजिबात नाहीये.

आधी व्हिसा बघा. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही. व्हिजिटर व्हिसावर असतील तर कॉलेजात रीतसर अ‍ॅडमिशन घेऊन शिकता येत नाही, त्यात रिस्क घेऊ नका, लायब्ररीत इंग्लिश बोलायचे फ्री ग्रुप असतात तिकडे न्या.

मग पैसे. कॅलिफोर्नियात असाल तर कॉलेजच्या वेबसाइटवर थेट ‘नॉनक्रेडिट’ शोधा, म्हणजे डिग्रीत न मोजले जाणारे क्लास, त्याला ट्यूशन फी, म्हणजे शिकवण्याची फी नसते आणि ज्येष्ठांचे क्लास ही त्यातली एक वेगळी कॅटेगरीच आहे. सँटा मोनिका कॉलेजचा ‘एमेरिटस’ प्रोग्रॅम तर 1975 पासून चालू आहे, खास 55 च्या पुढच्यांसाठी. डिग्रीत मोजले जाणारे क्रेडिटचे क्लास रेसिडेंटला 46 डॉलर युनिटला पडतात (युनिट किंवा क्रेडिट म्हणजे क्लास मोजायचं माप), पण राज्यात येऊन वर्ष झालं नसेल तर कितीतरी पट जास्त, म्हणून नवीन आलेल्यांनी नॉनक्रेडिटच घ्यावं. मेरीलँडमध्ये 60 नंतर ट्यूशन माफ. व्हर्जिनियात 60 नंतर फुकट ऑडिट करता येतं, म्हणजे वर्गात बसायचं, शिकायचं, पण परीक्षेचं टेन्शन नाही. न्यू जर्सीत 65 नंतर काउंटी कॉलेज (तिथलं कम्युनिटी कॉलेजच) माफी देऊ शकतं, टेक्सासमध्येही 65 नंतर सेमिस्टरला 6 क्रेडिटपर्यंत, पण या दोन्हीकडे कॉलेजच्या मर्जीवर आहे म्हणून फोन करून विचाराच. आणि ट्यूशन माफ म्हणजे सगळंच माफ नव्हे, बाकीच्या फीया किती ते आधीच विचारून घ्या.

फॉर्म भरताना लोक दोन ठिकाणी अडकतात. एक म्हणजे नाव, पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका, मधलं नाव कधी टाकलं कधी गाळलं असं केलंत की पुढे घोळ होतो. दुसरं म्हणजे शाळा, 1970 सालची मॅट्रिक कुठे दाखवायची? परदेशातून हायस्कूल पूर्ण असा ऑप्शन बहुतेक फॉर्मवर असतो, तो घ्या. ईमेल मात्र त्यांचाच द्या, तुमचा नको, कॉलेजचे मेल त्यांनी स्वतः उघडायला हवेत.

क्लास कुठला ते त्यांना ठरवू द्या, प्लीज. आपण लगेच कॉम्प्युटर शिका म्हणून मागे लागतो. बाबांना चित्रकला करायची असेल तर करू देत ना, आयुष्यभर राहूनच गेलेली असते. काहीच सुचत नसेल तर इएसएल म्हणजे इंग्लिशचा क्लास बेस्ट. ओळखीतल्या एक काकू जातात, शेजारी चिनी आजोबा, पलीकडे मेक्सिकोच्या बाई, सगळ्यांचंच इंग्लिश अडखळतं त्यामुळे कुणालाच लाज वाटत नाही. एकदा टीचरने जोड्या लावून डॉक्टरची अपॉइंटमेंट फोनवर घ्यायला लावली, काकूंनी आडनावाचं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं आणि आजोबांनी ते बरोबर लिहून घेतलं. नंतर महिन्याभरात खऱ्या दवाखान्यात काकूंनीच फोन केला, सुनेला न विचारता!

ऐकू कमी येतं, बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मागे हटू नका. कॉलेजात डिसॅबिलिटी सर्व्हिसेसचं ऑफिस असतं, डॉक्टरचं पत्र दाखवलं की मोठ्या अक्षरातल्या नोट्स, कॅप्शन वगैरे मिळतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

माफीवाल्यांना बऱ्याच कॉलेजात जागा उरली तरच घेतात, म्हणून एकाच क्लासवर अडून बसू नका, दोन-तीन पर्याय ठेवा. वेटलिस्टवर नाव असलं तरी पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसायला सांगा, पहिल्या आठवड्यात पोरं गळतात आणि जागा झाली की टीचर बऱ्याचदा समोर हजर असलेल्यालाच घेतात.