फुप्फुसातल्या जुन्या गुठळीचं ऑपरेशन: तिथवर कसं पोहोचावं

फुप्फुसात गुठळी अडकली, रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, तीन महिने एकही गोळी चुकवली नाही आणि तरी एक जिना चढताना धाप लागते. अशा वेळी 'वयामुळे होतं' हे उत्तर मान्य करू नका. काहींची गुठळी पूर्ण विरघळत नाही. तिचा चिवट पापुद्रा होऊन रक्तवाहिनीला आतून चिकटतो, फुप्फुसातला दाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकत जाते. या आजाराला सीटीईपीएच म्हणतात. तो ऑपरेशनने बरा होऊ शकतो, म्हणून तर हुकता कामा नये.

आधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा. त्यात दाब वाढलेला दिसला की व्हीक्यू स्कॅनबद्दल विचारा (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोहोचतं, कुठे नाही, हे त्यात दिसतं), सीटी नॉर्मल असला तरीही. जुने पापुद्रे सीटीत नजरेतून सुटतात. व्हीक्यू नॉर्मल आला तर हा आजार जवळपास नाहीच. दोष दिसला तर शिरेतून नळी घालून दाब मोजतात, अँजिओग्राफी करतात.

मग सर्जन. इथे घाई नको. नुसते रिपोर्ट नेऊ नका, सगळ्या स्कॅनच्या सीडी न्या आणि 'ही ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता?' हे स्पष्ट विचारा. एका ठिकाणी 'होणार नाही' म्हणाले, तरी अनुभवी केंद्रात पुन्हा दाखवा. पापुद्रा किती खोलवर काढता येईल, हे सर्जनच्या हातावर ठरतं.

ऑपरेशनात छाती मधोमध उघडून रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर घेतात, शरीर साधारण 20 अंशांपर्यंत थंड करतात आणि रक्ताभिसरण चक्क थांबवतात, एका वेळी जास्तीत जास्त 20 मिनिटं. रक्त येत राहिलं तर बारीक फांद्या दिसतच नाहीत. अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्जननी ही पद्धत घडवली. ट्रेमध्ये मांडलेला पापुद्रा उपटलेल्या रोपाच्या मुळांसारखा दिसतो, फाटे फुटत फुटत निमुळता झालेला. त्याच्याबरोबर वाहिनीचं आतलं अस्तरही सोलून आलेलं असतं.

पहिले काही दिवस फुप्फुसाला सूज येऊ शकते, तेव्हा आयसीयूतला मुक्काम लांबला तर धीर सोडू नका.

ऑपरेशन खरंच शक्य नसेल, तर फुग्याने वाहिन्या उघडणं आणि रिओसिग्वॅट हे औषध, हे मार्ग आहेत.

रक्त पातळ करायची गोळी मात्र जन्मभर. वॉरफरिन असेल तर मेथी-पालक सोडायची गरज नाही, प्रमाण सारखं ठेवा, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय, हे सांगणारी तपासणी) वेळेवर करा. दात काढायचा असला तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.