.२८० रेमिंग्टनची रायफल ॲकली इम्प्रूव्हडमध्ये बदलून घेताना

अमेरिकी बंदूक-कारागीर पी. ओ. ॲकली (१९०३–१९८९) यांनी प्रचलित काडतुसांच्या पुंगळ्यांचा (दारू भरतात त्या धातूच्या नळकांड्यांचा) निमुळतेपणा कमी करून आणि खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, ४० अंशांपर्यंत उभा करून ‘इम्प्रूव्हड’ काडतुसांची एक मालिकाच तयार केली. मूळ .२८० रेमिंग्टनचा खांदा साडेसतरा अंशांचा आहे. या काडतुसाची ॲकली आवृत्ती नोस्लर कंपनीच्या पुढाकाराने २००७ मध्ये प्रमाणित झाली, त्यामुळे काटेकोर अर्थाने ती आता वाइल्डकॅट (प्रमाणित नसलेले काडतूस) राहिलेली नाही; पण तयार काडतुसे, पुंगळ्या आणि पुंगळ्यांना आकार देणारे डाय बाजारात मिळत असल्याने पहिल्यांदाच असा बदल करून घेणाऱ्याने हीच निवडावी, असे माझे मत आहे.

वेगाबद्दलच्या अपेक्षा आधीच आवरलेल्या बऱ्या. पुंगळीची धारणक्षमता चार टक्क्यांनी वाढली, तर त्याच दाबावर गोळीचा वेग साधारण एक टक्क्याने वाढतो, असा ठोकताळा आहे. त्यामुळे .३०-०६ या काडतुसाच्या रायफलीवर हा खर्च करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. .२५७ रॉबर्ट्‌ससारख्या अधिक निमुळत्या पुंगळीत फरक जास्त पडतो. खरा लाभ मात्र निराळाच आहे: उभ्या खांद्याची पुंगळी कमी लांबते, म्हणून ती वारंवार कापावी लागत नाही.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीचे रूपांतर करण्यासाठी परवाना लागतो; शिवाय शिकारीवरही बंदी आहे. तेव्हा पुढील मजकूर अमेरिकेत कायदेशीरपणे रायफल बाळगणाऱ्यांसाठी आहे.

बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) आणि मॅगझिन बदलावे लागत नाही. बदलते ते फक्त चेंबर, म्हणजे काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग. हे काम अनुभवी कारागिराकडेच द्यावे आणि देताना एकच प्रश्न आवर्जून विचारावा: नळी मागे घेणार (म्हणजे रायफलीच्या सांगाड्यात आणखी आत बसवणार) की चेंबर कोरणारा रीमर नुसताच फिरवणार? नुसता रीमर आत ढकलला, तर हेडस्पेस, म्हणजे बोल्टचे तोंड आणि काडतूस जिथे अडते ती चेंबरमधील जागा यांतील अंतर, वाढते. मग पुंगळीला नवा आकार देण्यासाठी मूळ काडतूस झाडताना पुंगळीच्या भिंती दाबाने चेंबरला चिकटतात, बूड मात्र मागे सरकत राहते आणि बुडाच्या थोडे वर धातू पातळ होऊन पुंगळी तिथेच तुटू शकते. म्हणून नळी आट्याच्या एका पूर्ण फेऱ्याने मागे घेतात. रेमिंग्टन ७०० मध्ये इंचाला सोळा आटे असल्याने हे अंतर सुमारे १.६ मिलिमीटर भरते, आणि फेरा पूर्ण असल्यामुळे नळीवरची माशी पुन्हा बरोबर वरच्या बाजूलाच येते.

पारंपरिक पद्धतीत ॲकली चेंबर मूळ काडतुसाच्या ‘गो’ गेजपेक्षा (चेंबरची किमान लांबी तपासणाऱ्या मापापेक्षा) ०.००४ इंचाने आखूड ठेवतात, म्हणजे मूळ काडतूस मान आणि खांदा यांच्या सांध्यावर किंचित दाबले जाऊन घट्ट बसते. २००७ पूर्वी कापलेली चेंबरे आजच्या प्रमाणित मापांशी जुळतीलच असे नाही, त्यामुळे रीमर आणि गेज एकाच निर्मात्याचे असावेत.

रायफल परत आल्यावर कारखान्यात भरलेले .२८० रेमिंग्टनचे काडतूस घालून पाहावे. बोल्ट मिटताना शेवटी हलका विरोध जाणवला पाहिजे. तो नसेल, तर झाडू नये. झाडलेल्या पुंगळीचा खांदा फुगून नव्या आकाराचा झालेला दिसेल. मग टोक वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून आतील भिंतीवरून बुडाकडून वर ओढावी. बुडाजवळ तार खाचेत अडकली, किंवा बाहेरून तिथे चकचकीत वळे दिसले, तर ती पुंगळी टाकून द्यावी आणि रायफल कारागिराकडे परत न्यावी.

दारूचे प्रमाण मात्र छापील, तपासलेल्या तक्त्यांतूनच घ्यावे आणि किमान मापापासून सुरुवात करावी. ॲकली यांनी विंचेस्टर ९४ वर केलेल्या चाचण्यांचा दाखला देऊन कमी निमुळती पुंगळी बोल्टवर कमी जोर देते असे सांगितले जाते, पण त्यावरून दाब वाढवण्याची मुभा मिळत नाही. पुंगळी बोल्टला कमी रेटत असली, तरी चेंबरच्या भिंतींवरचा दाब तेवढाच असतो.

नळीवरील जुने नाव तसेच राहू न देता नवे नाव कोरून घ्यावे. पुढे रायफल ज्याच्या हाती जाईल, त्याने कोणते काडतूस आणायचे हे त्या अक्षरांवरूनच ठरणार आहे.