भिगवणला जातोय, सेटिंग काय ठेवू?

थंडी सुरू झाली की हा मेसेज येतोच. ओळखीतल्या कुणीतरी नवा कॅमेरा घेतलेला असतो, सोबत लांबचं जवळ आणणारी १५०-६०० मिमीची लेन्स, आणि रविवारी पहाटे पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागायचं ठरलेलं असतं. सेटिंगचं उत्तर दोन ओळींचं आहे. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, उभ्या पक्ष्याला १/५०० बहुतेक वेळा पुरतं. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, एफ ५.६ ते ८; आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटो; फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे हलत्या पक्ष्यामागे जाणारा, आणि कायम पक्ष्याच्या डोळ्यावर. झालं. पुढे फोटो कसा येणार हे ठरतं तुम्ही कुठे आणि कसे बसलात यावर, आणि ते मात्र कुणी विचारत नाही.

भिगवणजवळ, उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर कुंभारगाव, डिकसळ या गावांतले मच्छीमार होडीतून पक्षी दाखवायला नेतात. बहुतेक पाहुणे होडीच्या आडव्या फळीवर बसतात आणि तिथूनच धडाधड फोटो काढतात. त्या उंचीवरून रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, वरून पाहिल्यासारखा दिसतो आणि त्याच्या मागे असतं नुसतं गढूळ पाणी. होडीच्या तळाला बसा. पँट ओली होते, होऊ दे. लेन्स काठावर टेकली की ती पक्ष्याच्या डोळ्याच्या जवळपास पातळीत येते, आणि मागे दिसायला लागतो तो थेट पलीकडचा किनारा, पार धूसर झालेला. पार्श्वभूमी पक्ष्यापासून जितकी लांब तितकी ती विरघळते. ॲपर्चरचं श्रेय लोक समजतात त्याहून कमी असतं. म्हणून महागडी लेन्स घेऊन फळीवर बसलेल्यापेक्षा भाड्याची लेन्स घेऊन तळाशी बसलेल्याचे फोटो चांगले येतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला नेमकं उलटं होतं. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. तिथले मनोरे पक्षी बघायला, ओळखायला उत्तम आहेत. पण मनोऱ्यावरून खालच्या बदकाचा क्लोजअप घेण्यात अर्थ नाही. तिथे झूम कमी करा आणि पाण्याचे पट्टे, पाणवनस्पतींची नक्षी, त्यात ठिपक्यांसारखे पक्षी असा मोठा फोटो शोधा. जागा जे देते ते घ्यावं, मनातला फोटो तिच्यावर लादू नये.

आता वारा. मोठे पक्षी वाऱ्याच्या समोर तोंड करून उड्डाण घेतात आणि उतरतानाही तसेच उतरतात. ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी असतील तर पक्षी तुमच्या दिशेने झेपावणार, तोंडावर उजेड घेऊन. वारा समोरून असेल तर दिवसभर शेपट्या मिळतील. त्यामुळे होडीत बसल्यावर पहिला प्रश्न ‘पक्षी कुठेत?’ हा नको. होडीवाल्याला ‘नाना, वारं कुठून आहे?’ हे विचारा. त्यांना पाण्याकडे एक नजर टाकली की कळतं, आणि समोरच्याला थोडंफार समजतंय हे लक्षात आलं की होडी लावण्याची पद्धतही बदलते.

थव्याचा फोटो दिसतो तितका सोपा नाही. रोहित डोकं पाण्यात उलटं घालून, चोचीनं पाणी गाळत खातो. म्हणजे कुठल्याही क्षणी अर्ध्याहून जास्त पक्षी बिनडोक्याचे गुलाबी गठ्ठे असतात. त्यातून एकाची मान दुसऱ्याच्या पाठीत घुसलेली, तिसऱ्याचे पाय चौथ्याच्या पोटाखालून निघालेले. पूर्ण थव्यावर बटण दाबून काही होत नाही. कडेला सुटा उभा असलेला तिघा-चौघांचा गट निवडा आणि त्यांच्यावरच थांबा. डोकी वर येतात, माना सुट्या होतात, पुन्हा गुंततात. ती सुटी होण्याची वेळ पकडायची असते. प्रतिबिंब घ्यायचं तर पूर्ण घ्या. चोचीच्या टोकाशी तुटलेलं प्रतिबिंब डोळ्याला टोचतं. ‘विषय एक तृतीयांशावर ठेवा’ हा नियम सुरुवातीचे काही महिने जरूर पाळा, पण स्थिर पाण्यात प्रतिबिंब पूर्ण मिळालं तर पाण्याची रेघ खुशाल मधोमध घ्या. आणि फ्रेम थोडी सैल ठेवा. पंख उघडले की पक्षी दुपटीहून मोठा होतो, मग टोकं कापली जातात.

जंगलाचं थोडक्यात सांगतो. ताडोब्यात जिप्सीतून उतरता येत नाही, गाडी कुठे लावायची तेही पूर्ण तुमच्या हातात नसतं. वाघ दिसला की सगळे सीटवर उभे राहतात आणि सगळ्यांकडे एकच फोटो येतो, वाघाची पाठ आणि मागे मातीचा रस्ता. तुम्ही खाली बसा, कठड्यावर तांदूळ भरलेली पिशवी ठेवा, तिच्यावर लेन्स. चालकाला आधीच सांगून ठेवा, ‘दादा, थांबलो की इंजिन बंद करा.’ इंजिनाच्या थरथरीने जितके फोटो हलतात तितके हातानेही हलत नसतील.

हे सगळं जमायला लागलं की परफेक्ट फोटोचं वेड लागतं. २०१५मध्ये ॲलन मॅकफेडियन या स्कॉटिश छायाचित्रकाराचा खंड्याचा फोटो जगभर फिरला. सरळ रेषेत सूर मारलेला, चोच पाण्याला जेमतेम टेकतेय, एक थेंबही उडालेला नाही. त्याच्याच सांगण्यानुसार त्यासाठी सहा वर्षं आणि सुमारे ७,२०,००० फोटो लागले. हा आकडा ऐकून नवी मुलं कॅमेरा बर्स्टवर, म्हणजे एका दाबात सलग फोटो काढण्यावर, टाकतात आणि मेमरी कार्डं भरतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कुठला फोटो हवा हे त्याचं आधीच ठरलेलं होतं आणि तो त्याच जागी परत परत जात राहिला. दर शनिवार-रविवारी नवं जंगल गाठणाऱ्याला हे जमत नाही. घराजवळचं एखादं तळं धरा आणि एका मोसमात एकच उणीव दूर करायची असं ठरवा. या हिवाळ्यात फक्त पार्श्वभूमी. पुढच्या हिवाळ्यात फक्त उड्डाण.

नयन खानोलकर यांचा ‘द ॲली कॅट’ हा फोटो शोधून बघाच. २०१६च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागात तो पहिला आला. मुंबईतल्या आरे कॉलनीत, रात्री घरांमधल्या बोळातून जाणारा बिबट्या. कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने, काढलेला, त्यासाठी चार महिने लागले. बोळ, भिंती, उजेड, कॅमेऱ्याची जागा हे सगळं आधी ठरलं, बिबट्या सगळ्यात शेवटी आला. आणि त्या फोटोत स्वच्छ हिरवी पार्श्वभूमी नाही. माणसांची घरं आहेत, म्हणून तर तो लक्षात राहतो.

पुण्याच्या लोकांना याचा सराव करायला कवडीपाट जवळ आहे. मुळा-मुठेच्या पात्रात चक्रवाक, शेकाटे, धोबी थंडीत हमखास दिसतात आणि त्यांच्या भोवती शहरातून वाहत आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, सांडपाण्याचा फेस. इथे बहुतेक जण पिशवी फ्रेमबाहेर राहील असा कोन शोधत फिरतात. मीही शोधतो, आणि तो कोन शोधण्यात कौशल्य आहे हे मान्य. पण त्याच सकाळी पिशवीसकट एक फोटो मुद्दाम रचून बघा. तो रचणं जास्त अवघड जातं, कारण कचरा आत घेतला की त्यालाही रेषा, रंग, जागा द्यावी लागते. नुसता ‘आला बुवा चुकून’ असा दिसून चालत नाही.

या वेडाची वाईट बाजूही आहे. होडीत बसून ‘नाना, जरा उडवा की’ म्हणणारे आहेत. पंखांची गुलाबी बाजू दिसावी म्हणून होडी सरळ थव्यात घातली जाते. खायला आलेला पक्षी तुमच्यासाठी पुन्हा पुन्हा उडतो आणि उपाशी राहतो. घरट्यासमोरची काटकी ‘फक्त बाजूला केली’ म्हणणारेही आहेत. त्या काटकीमुळे पिलांवर सावली होती आणि कावळ्याला घरटं दिसत नव्हतं. अशा होडीत, अशा गटात असाल तर तोंड उघडून नको म्हणा. नवखे आहात म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

मोठ्या स्पर्धाही यातून सुटलेल्या नाहीत. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरच्याच २००९च्या विजेत्या फोटोत एक लांडगा फाटकावरून झेप घेत होता. नजर हटत नाही इतका नेटका. तो बहुधा माणसाळवलेला, शिकवलेला लांडगा आहे, असं परीक्षकांचं मत झालं आणि २०१०च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं गेलं.

तेव्हा स्पर्धेला फोटो पाठवायचा विचार असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, जपून ठेवा. अंतिम फेरीत ती मागतात. उजेड, रंग थोडे सावरलेले चालतात, थोडा क्रॉपही चालतो. पक्ष्यासमोरची काडी सॉफ्टवेअरमध्ये पुसलेली मात्र निसर्ग विभागात चालत नाही. प्रत्येक स्पर्धेचे नियम थोडे वेगळे असतात, ते प्रवेश फी भरण्याआधी वाचा.