लिफ्ट केलेल्या गाडीला ब्रेक होज किती लांब घ्यावा?

जिप्सी लिफ्ट करायची, म्हणजे जमिनीपासून उंच करायची म्हटली की चर्चा टायरची होते, शॉकअपची होते. ब्रेक होजचं, म्हणजे ब्रेक ऑइल चाकांकडे नेणाऱ्या लवचिक नळीचं, नाव कुणी काढत नाही. मीही काढलं नव्हतं. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलले, लांब शॉकअप टाकले आणि होज मूळचेच ठेवले. मग मुळशीकडच्या एका कोरड्या ओढ्यात मागचं डावं चाक खड्ड्यात लोंबलं, म्हणून उतरून वाकून पाहिलं तर चासीकडून दोन चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलकडे जाणारा होज तुणतुण्याच्या तारेसारखा ताणलेला. टोकाच्या फिटिंगजवळ रबर पांढुरकं पडलं होतं. तुटला नाही, एवढंच.

जिप्सीला मागे चासीपासून अ‍ॅक्सलपर्यंत एकच होज असतो, त्यामुळे तो गेला की मागचे दोन्ही ड्रम गेले. मास्टर सिलिंडरमध्ये दोन सर्किट असतात म्हणून पुढच्या डिस्क उरतात खऱ्या, पण तेवढ्यावर घाट उतरायची माझी तरी तयारी नाही.

आधी मोजा, मग दुकानात जा

“दोन इंच लिफ्ट केली, दोन इंच लांब होज द्या” हा हिशेब चुकीचा आहे. लिफ्टचा आकडा सांगतो गाडी उभी असताना किती वर गेली. होज ताणला जातो तो चाक पूर्ण खाली लोंबल्यावर, आणि ते किती लोंबणार हे नवे शॉकअप आणि पाटे ठरवतात. माझ्या गाडीची लिफ्ट ५ सेंमी होती, मागचा होज मात्र ८ सेंमी जास्त लांब लागला. हा आकडा उचलू नका, तुमच्या गाडीचा वेगळा येईल.

मागची बाजू मोजायची तर सपाट जागा बघा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि चासीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावून अ‍ॅक्सल मोकळा लोंबू द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. शॉकअप जोडलेलेच ठेवा, कारण अ‍ॅक्सलला खाली जाताना अडवणारे तेच. अडवण्याचं काम होजवर कधीच येता कामा नये. शॉकअपच्या आधी होज ताणला जात असेल तर तो बदलेपर्यंत गाडी रस्त्यावरही काढू नका.

आता होजच्या जागी एक नकली होज लावून बघायचा. मी जुन्या स्कूटरच्या क्लच केबलचं कव्हर वापरतो. ते साधारण होजसारखंच वळतं; सुतळी नको, ती सरळ रेषेत ताणली जाते आणि माप कमी येतं. खऱ्या होजच्या वाटेनेच ते न्या, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि टोकाशी पहिले दोन-तीन सेंटिमीटर सरळ ठेवा. फिटिंगच्या तोंडाशीच वळलेला होज तिथेच चिरतो.

दोन्ही चाकं लोंबलेली असताना एक माप घ्या. मग एका बाजूला अ‍ॅक्सलखाली जॅक लावून ते चाक बंपस्टॉपपर्यंत (वरच्या रबरी अडथळ्यापर्यंत) चढवा, दुसरं लोंबतं ठेवा आणि परत मोजा. मग बाजू बदला. हीच प्रत्यक्ष ओढ्यातली अवस्था. पुढच्या चाकांसाठी गाडी त्याच पद्धतीने पुढून उचला, दगड मागच्या चाकांना लावा आणि प्रत्येक अवस्थेत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. सगळ्यांत मोठं माप धरा आणि त्यात ३ ते ५ सेंमी ढील मिळवा.

जास्त लांब होजही वाईटच. चाक पूर्ण वर दाबलं की त्याचा वळसा बाहेर येतो; तो टायरला, पाट्याला किंवा सायलेन्सरला लागत नाही ना, हे त्याच नकली होजवर तपासा. करवंदीच्या जाळीत अडकायलाही त्याला वेळ लागत नाही.

लिफ्ट छोटी असेल आणि कमतरता दोनेक सेंमीचीच असेल, तर चासीवरचा होजचा ब्रॅकेट एक मजबूत पट्टी लावून खाली आणता येतो. होजला येऊन मिळणारा लोखंडी पाइप मात्र अलगद वळवावा लागतो. तो एकदा चेपला की बदलायचाच.

काय विकत घ्यायचं

जुना होज सोबत न्या. जिप्सीच्या ब्रेक लाइनला १० मिमीचे, १ मिमी पिचचे आटे असतात. जुन्या जीपमध्ये इंची आटे सापडतात, ३/८ इंच, म्हणजे ९.५ मिमी. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. इंची नट मिलिमीटरच्या भोकात सहज शिरतो, खुळखुळतो, आणि पेडलवर जोर आला की आटे सोडतो. पाइपच्या टोकाचा फ्लेअर, म्हणजे पसरवलेलं तोंड, तेही बघा. डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर एकमेकांत बसत नाहीत.

एमआयडीसीत जेसीबीचे हायड्रॉलिक होज दाबून देणारी दुकानं असतात. तिथून ब्रेकचा होज करून घ्यायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण तो पाहिजे त्या लांबीचा मिळतो आणि दिसायलाही दणकट असतो. पण हायड्रॉलिक होजचं आतलं रबर बहुधा खनिज तेलासाठी बनवलेलं असतं. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं. त्यात ते रबर फुगतं आणि पुढे सुटतं. होजवर आयएस ७०७९ किंवा एसएई जे१४०१ या ब्रेक होजच्या मानकाचा शिक्का असला पाहिजे. दोन होज मध्ये जोडून लांबी वाढवणं हा प्रकार तर नकोच.

रबरी की स्टीलच्या जाळीचा? स्टीलचा होज दाबाखाली कमी फुगतो, पेडल घट्ट लागतं. पण त्याची जाळी जिथे घासते तिथे करवतीसारखी कापते, आणि आतली नळी खराब झाली तर बाहेरून कळत नाही. मी रबरीच लावले.

बसवताना

फ्लेअर नटचा पाना वापरा. साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात आणि मग अख्खी संध्याकाळ जाते. बँजो बोल्टला (ज्यातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर लावा. होजवर लांबीच्या दिशेने रेघ असते. आवळल्यावर ती सरळ राहिली पाहिजे, पीळ दिसला तर सोडून पुन्हा बसवा. ब्रॅकेटची क्लिप विसरू नका. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलला जातो.

होज बदलताना लाइनमध्ये शिरलेली हवा काढताना सगळ्यांत लांबचं चाक आधी घ्या: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं हवा काढायचं निपल उघडून बंद करायचं, आणि मगच पेडल सोडायचं. टाकीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका. एबीएसवाल्या नव्या गाड्यांत यासाठी स्कॅनर लागू शकतो. तिथे हे काम वर्कशॉपकडेच द्या.

मग कुणाला तरी पेडल पूर्ण जोराने दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. गाडी पुन्हा घोडीवर घेऊन चाकं लोंबवून, वर चढवून, वळवून बघा. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, अगदी सावकाश.

अ‍ॅक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (ओझ्याप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर त्याचा दांडाही जुळवून घ्यावा लागतो. लिफ्टमुळे त्याला गाडी रिकामी आहे असं वाटतं आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. लिफ्टचंच म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्या.

गाडी घोडीवर आहे तोवर हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर आणि डिफरन्शियलचा ब्रीदर पाइप (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) यांनाही एकदा ओढून बघा. माझा ब्रीदर त्या ओढ्यातच निसटला होता. ते कळलं पुढच्या पावसाळ्यात, डिफरन्शियलमध्ये पाणी शिरून ऑइल चहाच्या रंगाचं निघालं तेव्हा.