बेंझोएट खाणारे बॅक्टेरिया कसे पकडायचे, आणि पिवळा रंग आला नाही तर काय

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घेतला की पोरं डायरेक्ट फिनॉलच उघडतात, हातपण भाजतो आणि बॅक्टेरियापण मरतात. सोडियम बेंझोएट घ्या बे, सरबतात प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून घालतात तेच, बॅक्टेरियाकडून फोडून घ्यायची ती बेंझिन रिंग (सहा कार्बनचं कडं) त्यातपण आहेच की.

माती सोलापुरात अक्कलकोट रोडला एखाद्या ट्रक गॅरेजसमोरची आणा. आपली माती आधीच काळी, त्यामुळं रंगावर जाऊ नका, ऑइलचा वास येतोय का बघा. १ ग्रॅम माती, १०० मिली मिनरल मीडियम (नुसत्या क्षारांचं पाणी), त्यात ०.१ टक्का बेंझोएट. ग्लुकोज अजिबात नको, गोड मिळालं की रिंगकडं कोण बघतंय! लोह मात्र विसरू नका, रिंग फोडणाऱ्या एन्झाइममध्ये तेच बसलेलं असतं.

३० डिग्रीला शेकरवर ३-४ दिवस. मे महिन्यात हे करू नका, साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो, बाहेरच ४० च्या वर असेल तर तो ३० वर येणार कुठून. शेकर बंद पडला तरी गेलंच, आमचा एकदा रात्रभर लाइट गेली म्हणून अख्खा बॅच वाया गेला, कारण इथं ऑक्सिजन नुसता श्वासाला लागत नाही, तो रिंगलाच जोडला जातो. कडक भाकरी आधी आमटीत भिजवतो ना, तसंच, डायऑक्सिजिनेज आधी ऑक्सिजन लावून बेंझोएटचं कॅटेकॉल करायला घेतं आणि मग दुसरं एन्झाइम रिंग मोडतं. गढूळ झालं की त्यातलं ५ मिली नव्या मीडियममध्ये, असं तीनदा, मग बेंझोएट घातलेल्या अगार प्लेटवर. बेंझोएट न घातलेली एक प्लेट ठेवाच, नुसत्या अगारवरपण बारीक कॉलनी येतात आणि आपण उगाच खूश होतो.

आता खरी गंमत. कॉलनीवर १ टक्का कॅटेकॉल शिंपडा, ताजंच बनवलेलं, हवेत ते तपकिरी होतं. काही मिनिटांत पिवळं झालं तर मेटा रस्ता (कॅटेकॉलची रिंग दोन OH च्या बाजूला फुटते), म्हणजे कॅटेकॉल २,३-डायऑक्सिजिनेज. नाही झालं तर फेल समजून फेकू नका! बेंझोएटवर बरेच स्यूडोमोनास (मातीतले नेहमीचे बॅक्टेरिया) ऑर्थो रस्त्यानं जातात (रिंग दोन OH च्या मधे फुटते), १,२-डायऑक्सिजिनेजनं म्युकोनेट होतं आणि त्याला रंगच नसतो. मग पेशी बफरमध्ये घेऊन थोडं टोल्युइन आणि कॅटेकॉल घाला (पेशी मरतात पण एन्झाइम चालू राहतं, म्हणून ऑर्थो रस्त्यात पुढं बनणारं बीटा-कीटोअॅडिपेट साठतं, रंग त्याचाच येतो), तासभर हलवा, नंतर अमोनियम सल्फेट, नायट्रोप्रुसाइडचा थेंब आणि अमोनिया. गडद जांभळं आलं की ऑर्थो. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, ग्लोव्ह्ज घालून, आणि प्लेटा ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

अजून एक, आधी पिवळी होणारी कॉलनी महिन्यानं पिवळी होईना तर लगेच कंटॅमिनेशन म्हणू नका. स्यूडोमोनास पुटिडा एमटी-२ मध्ये मेटाची जीन्स टॉल प्लास्मिडवर (मुख्य डीएनएपासून वेगळ्या डीएनएच्या कड्यावर) असतात आणि सारखं बेंझोएटवर वाढवलं की प्लास्मिड टाकून दिलेल्या पेशीच पुढं निघतात, म्हणून पहिल्याच दिवशी ग्लिसरॉल स्टॉक (पेशी ग्लिसरॉलमध्ये गोठवून) करून ठेवा.